उघड माहिती वाचणारे स्वतंत्र कार्यालय नागपुरात हवे

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

राज्य सरकारने २०२४ साली पोलिसांसाठी ‘मार्व्हल’ ही कंपनी स्थापन करून तिचे मुख्यालय नागपुरात ठेवले. तेव्हापासून पोलीस तपासातील कृत्रिम बुद्धिमत्ता, समाजमाध्यमांचे विश्लेषण हे शब्द शहराच्या बातम्यांत वरचेवर दिसू लागले आहेत. येथील भारतीय व्यवस्थापन संस्था त्या कामात सहभागी आहे, याचा नागपूरकर म्हणून मलाही आनंद आहे. तथापि यंत्रसामग्री घेणे वेगळे आणि माहितीची व्यवस्था लावणे वेगळे, आणि या दुसऱ्या कामाकडे केंद्राचे किंवा राज्याचे पुरेसे लक्ष नाही, असे माझे स्पष्ट मत आहे. वृत्तपत्रे, नभोवाणी, राजपत्रे, न्यायालयांचे निकाल, संघटनांची पत्रके, उपग्रहचित्रे आणि समाजमाध्यमांवरील सर्वांना दिसणारा मजकूर यांतून जे कळते ते गोळा करणे, पडताळणे आणि ज्याला निर्णय घ्यायचा आहे त्याच्या टेबलावर वेळेत पोहोचवणे, या कामासाठी विदर्भापुरते का होईना, एक लहान, कायमस्वरूपी आणि कायद्याने बांधलेले कार्यालय नागपुरात असावे आणि ते पोलीस खात्याच्या बाहेर असावे, अशी मागणी करण्यासाठी हे पत्र लिहीत आहे.

सरकारला हे काम नवे नाही. मी स्वतः एका सरकारी कार्यालयात बरीच वर्षे कात्रणांच्या टेबलावर काढली आहेत. सकाळी सातला वृत्तपत्रांचा गठ्ठा यायचा. बातमीभोवती लाल पेन्सिलीने चौकट करायची, पट्टी धरून ती फाडायची, कोऱ्या कागदावर डिंकाने चिकटवायची, उजव्या कोपऱ्यात वृत्तपत्राचे नाव, आवृत्ती, तारीख आणि पान क्रमांक लिहायचा आणि दहाच्या आत फाइल साहेबांकडे गेली पाहिजे, असा तो शिरस्ता होता. पुढे झेरॉक्स आले, मग स्कॅनर आला, आता पीडीएफ व्हॉट्सअ‍ॅपवर जाते. परंतु कात्रण निवडण्याचा निकष जुनाच राहिला. ज्या बातमीत खात्याचे किंवा मंत्रिमहोदयांचे नाव असेल ती सर्वांत वर, खात्यावर टीका असेल ती त्याखाली, कारण तिचा खुलासा करावा लागतो. जिच्यात कोणाचेच नाव नाही, पण एखाद्या तालुक्यात काहीतरी बिघडत चालल्याचे दिसते आहे, अशी आतल्या पानावरची चार ओळींची बातमी सहसा कापलीच जात नसे. दुसऱ्या खात्याच्या उपयोगाची म्हणून एखादी पाठवावी, तर ‘आपल्या कार्यालयाशी संबंधित नाही’ असा शेरा मारून ती परत येई. अशी टेबले आजही प्रत्येक जिल्ह्यात आहेत. जिल्हा माहिती कार्यालय वाचते, पोलिसांची विशेष शाखा वाचते, राज्य गुप्तवार्ता विभाग वाचतो, केंद्राच्या यंत्रणा वाचतात. तीच वृत्तपत्रे पाच ठिकाणी वाचली जातात आणि पाचही ठिकाणांचे निष्कर्ष एकमेकांस भेटत नाहीत.

उघड माहितीत किती दम असतो, याचे अगदी अलीकडचे उदाहरण आपल्या शेजारचेच आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये माओवादी पक्षाच्या वतीने ‘अभय’ या नावाने निघालेले एक प्रसिद्धिपत्रक वृत्तपत्रांत आले आणि त्यात सशस्त्र संघर्ष तात्पुरता थांबवण्याची तयारी दर्शवलेली होती. काही दिवसांतच त्या पक्षाच्या तेलंगण समितीच्या प्रवक्त्याने दुसरे पत्रक काढून हे एका व्यक्तीचे मत आहे, पक्षाचे नव्हे, असे जाहीर केले. ही दोन पत्रके शेजारी ठेवून वाचणाऱ्या कोणालाही वरच्या फळीत उभी फूट पडल्याचे समजत होते. ऑक्टोबरच्या मध्यात हाच ‘अभय’, म्हणजे मल्लोजुला वेणुगोपाल ऊर्फ भूपती, याने सुमारे ६० सहकाऱ्यांसह गडचिरोलीत शस्त्रे खाली ठेवली. पोलिसांना त्यांच्या मार्गाने हे सारे आधीच ठाऊक असणार, आणि त्या कामगिरीचे श्रेय त्यांचेच आहे. परंतु महसूल, वन, आदिवासी विकास आणि शिक्षण या खात्यांना, ज्यांना दुसऱ्या दिवसापासून त्या गावांत जाऊन काम करायचे आहे, त्यांना ही दोन पत्रके कोणी वाचून समजावून सांगितली होती काय? दरवर्षी २८ जुलै ते ३ ऑगस्ट आणि २ ते ८ डिसेंबर या माओवाद्यांच्या सप्ताहांत दुर्गम भागांत पत्रके आणि फलक लागतात, हे गडचिरोलीतल्या एसटीच्या वाहकालाही माहीत आहे. ते पत्रक पंचनाम्यात मुद्देमाल म्हणून जमा होते. गेल्या वर्षीच्या पत्रकात कोणती मागणी होती, यंदा कोणती गळली, खाणींविषयीची भाषा कुठे बदलली, कोणत्या तालुक्याचे नाव प्रथमच आले, हे वर्षानुवर्षे एका जागी बसून पाहणारा माणूस मात्र सरकारी आस्थापनेत शोधूनही सापडणे कठीण आहे. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात तो हाच प्रकार.

परदेशांनी हे काम कसे बांधले, हेही थोडे पाहण्यासारखे आहे, कारण त्यांची चूक आणि शहाणपण दोन्ही आपल्या कामाचे आहेत. ब्रिटनमध्ये बीबीसीने १९३९ साली परकी प्रक्षेपणे ऐकण्याचा विभाग सुरू केला. अमेरिकेने फेब्रुवारी १९४१ मध्ये तसाच विभाग आपल्या दळणवळण आयोगाच्या अखत्यारीत उघडला. या विभागाचा पहिला विश्लेषण अहवाल ६ डिसेंबर १९४१ या तारखेचा आहे आणि टोकियो नभोवाणीचा सूर अमेरिकेविषयी अधिक कडवट झाला आहे, पूर्वीच्या तणावात ती करत असे तशी शांततेची भाषा आता ती करत नाही, अशी नोंद त्यात आहे. दुसऱ्याच दिवशी पर्ल हार्बरवर हल्ला झाला. तो अहवाल वाचून हल्ला टळला असता असे मी म्हणत नाही. परंतु सर्वांना ऐकू येणाऱ्या आवाजात इशारा असू शकतो, एवढे त्यातून नक्की दिसते. पुढे १९४७ मध्ये हा विभाग सीआयएकडे गेला आणि तेथे दुय्यम ठरला, कारण ज्या कागदावर ‘गोपनीय’ असा शिक्का नाही तो कागद गुप्तहेरांच्या जगात स्वस्त मानला जातो. ११ सप्टेंबरच्या हल्ल्यांची चौकशी करणाऱ्या आयोगाने २००४ साली खुल्या स्रोतांसाठी स्वतंत्र संस्था सुचवली. २००५ मध्ये केंद्र निघाले, पण सीआयएच्याच छत्राखाली, आणि २०१५ मध्ये त्याचे नाव बदलून ते आणखी आत ओढले गेले. मधल्या काळात, २०१३ संपताना, या विभागाने केलेली जगभरच्या वृत्तपत्रांची भाषांतरे विद्यापीठांना आणि ग्रंथालयांना मिळण्याची सोय बंद करण्यात आली. उघड माहितीचेही गुपित कसे होते, ते यावरून कळते.

आपल्याकडे दुसऱ्या महायुद्धाच्या काळात आकाशवाणीचे असे श्रवणकेंद्र शिमल्याला होते. कारगिलच्या युद्धानंतर के. सुब्रह्मण्यम यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या आढावा समितीने यंत्रणांमधील समन्वयाच्या अभावावर बोट ठेवले आणि त्यानंतरच्या सुधारणांतून मल्टी एजन्सी सेंटर, संरक्षण गुप्तवार्ता संस्था आणि २००४ मधील तांत्रिक हेरगिरीची एनटीआरओ अशा संस्था उभ्या राहिल्या. त्या आवश्यकच होत्या. पण त्या साऱ्या बंद दाराआडच्या. उघड वाचनासाठी त्यांच्या तोडीची संस्था काही निघालेली दिसत नाही. माहिती आणि प्रसारण मंत्रालयाचे २००८ सालचे इलेक्ट्रॉनिक माध्यम संनियंत्रण केंद्र वाहिन्या पाहते खरे, परंतु कार्यक्रम संहितेचा भंग झाला किंवा कसे, हे पाहणे हे त्याचे मुख्य काम.

मग आदर्श कोणाचा घ्यायचा? माझे उत्तर ऐकून काहींना आश्चर्य वाटेल. तो सुरक्षेच्या क्षेत्रात नाही, सार्वजनिक आरोग्यात आहे. एकात्मिक रोग सर्वेक्षण प्रकल्पात दिल्लीला २००८ पासून वृत्तमाध्यमे चाळणारा आणि पडताळणारा एक कक्ष आहे. कुठल्याशा जिल्हा आवृत्तीत ‘अमुक गावात अतिसाराची लागण’ अशी बातमी दिसली की हा कक्ष ती त्या जिल्ह्याच्या सर्वेक्षण अधिकाऱ्याकडे धाडतो, अधिकारी गावात जाऊन खरेखोटे पाहतो आणि उलट कळवतो. यात वाचणारा आहे, पडताळणारा आहे आणि उत्तर देण्याचे बंधन आहे. साथींचे साप्ताहिक अहवाल संकेतस्थळावर लोकांसाठी प्रसिद्ध होतात. कोणाचा फोन ऐकावा लागत नाही, कोणाच्या खात्यात डोकवावे लागत नाही. ३० डिसेंबर २०१९ रोजी वुहानमधल्या अज्ञात न्यूमोनियाची पहिली जागतिक सूचना साथींच्या बातम्या जगभर कळवणाऱ्या ‘प्रोमेड’ या सेवेने दिली, तीही चिनी माध्यमांतला उघड मजकूर वाचूनच.

हीच पद्धत आरोग्यापलीकडे नेली असती तर काय झाले असते, याचा विचार करताना मला २०१७ सालचे यवतमाळ आठवते. कपाशीवर फवारणी करताना विषबाधा झालेले शेतकरी आणि शेतमजूर त्या पावसाळ्यात रुग्णालयात दाखल होत होते आणि तो वाढता आकडा काही गुप्त नव्हता. विशेष तपास पथक नेमले जायला मात्र ऑक्टोबर उजाडावा लागला आणि तोपर्यंत जिल्ह्यात अनेक जीव गेलेले होते. कृषी खात्याचे टेबल वेगळे, आरोग्य खात्याचे वेगळे, कामगार खात्याचे आणखी वेगळे. कोणती कीटकनाशके एकत्र मिसळून विकली जात आहेत हे एका टेबलाला माहीत, उलट्या आणि अंधुक दृष्टी घेऊन किती जण आले हे दुसऱ्याला.

अफवांचा विषय याहून अवघड आहे. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुले पळवणारी टोळी समजून जमावाने भिक्षेकरी समाजातल्या पाच निरपराध माणसांना ठार मारले. त्याआधीच ती अफवा देशातल्या इतर राज्यांत बळी घेत आली होती आणि वृत्तपत्रांत छापून येत होती. आपल्या शहरात १७ मार्च २०२५ रोजी एका अफवेने दिवसभरात काय रूप घेतले आणि रात्री महाल, हंसापुरी भागांत काय झाले, ते नागपूरकरांना सांगायला नको. त्यानंतर सायबर पोलिसांनी खाती शोधली, गुन्हे नोंदवले. ते त्यांचे कर्तव्यच होते. परंतु गुन्हा नोंदवण्यासाठी वाचणे आणि दुपारी चारला खरी हकिगत लोकांपुढे ठेवता यावी म्हणून वाचणे, ही दोन वाचने वेगळ्या नजरेची आहेत. व्हॉट्सअ‍ॅपच्या खासगी गटातला मजकूर उघड स्रोत नव्हे आणि त्यात सरकारने शिरू नये, हेही येथेच स्पष्ट करतो. त्याचे पडसाद यूट्यूबवर, फेसबुकच्या खुल्या पानांवर आणि सायंदैनिकांत उमटतात, तेवढे पुरे आहेत.

आता भाषेविषयी, कारण खरी अडचण तेथे आहे. बाहेरून घेतलेली प्रणाली इंग्रजी आणि प्रमाण हिंदी बऱ्यापैकी वाचते, मराठीही वाचते म्हणू. पण विदर्भाची सीमा मध्य प्रदेश, छत्तीसगड आणि तेलंगण या तीन राज्यांना लागते. सिरोंचाच्या बाजारात तेलुगू चालते, भामरागडात माडिया, कोरचीकडे छत्तीसगडी, आणि गोंडी तर सर्वदूर. २०११ च्या जनगणनेत गोंडी मातृभाषा सांगणारे देशात सुमारे ३० लाख होते. तरी ती राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत नाही आणि म्हणून सरकारी पदभरतीत तिला फारसे मोल नाही. एखाद्या गोंडी ध्वनिफितीतला उपरोध किंवा तेलुगू पत्रकातली पक्षांतर्गत टोमणेबाजी यंत्राला कळणार नाही. ती कळण्यासाठी त्या मुलखात वाढलेली, पदवी घेऊन घरी बसलेली मुले-मुली नेमावी लागतील, आणि तीही अकरा महिन्यांच्या कंत्राटावर नव्हे. हे काम मुरायला वर्षे लागतात. दर वर्षी माणूस बदलला तर मागची पत्रके कोणाच्याच डोक्यात राहणार नाहीत.

हे सारे वाचून कोणाच्याही मनात शंका येईल की सरकारच्या हाती आणखी एक डोळा द्यायचा कशाला? शंका रास्त आहे आणि तिला इतिहासाचा आधार आहे. इंग्रज सरकार १८६८ पासून मुंबई इलाख्यातल्या देशी वृत्तपत्रांचे साप्ताहिक गोषवारे भाषांतरित करून छापत असे, आणि आपला मध्य प्रांतही अशा वाचनातून सुटलेला नव्हता. इतिहासाच्या अभ्यासकांना आज ते गोषवारे सोन्यासारखे वाटतात. पण त्या वाचनामागून १८७८ चा देशी वृत्तपत्रांचा कायदा आला आणि १८९७ मध्ये लोकमान्यांवर राजद्रोहाचा खटला झाला. सरकार रयतेचे गाऱ्हाणे समजून घेण्यासाठी वाचत होते असे म्हणायचे आणि वाचून संपादकाला तुरुंगात टाकायचे. स्वतंत्र भारतातही २०१८ साली केंद्राने समाजमाध्यमांवर नजर ठेवणारे केंद्र काढण्याची निविदा काढली, तेव्हा हे पाळत ठेवणारे राज्य होईल असा शेरा सर्वोच्च न्यायालयाने मारला आणि ऑगस्टमध्ये सरकारने तो प्रस्ताव मागे घेतला.

येथे कायद्यातली एक मोठी फट लक्षात घेतली पाहिजे. एका माणसाचा फोन ऐकायचा तर गृह सचिवांचा लेखी आदेश लागतो आणि तो पुनरावलोकन समितीपुढे ठेवावा लागतो. पण त्याच माणसाने पाच वर्षांत जाहीरपणे लिहिलेला प्रत्येक शब्द, त्याची छायाचित्रे, तो कोणाच्या लग्नाला गेला होता, हे सारे एकत्र करून त्याचे टिपण बांधायला कोणाचाही आदेश लागत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक विदा (डेटा) संरक्षण कायदा स्वतःहून जाहीर केलेल्या माहितीला लागूच होत नाही आणि सरकारी यंत्रणांना अधिसूचनेने सूट देण्याची तरतूदही त्यात आहे. सर्वोच्च न्यायालयाच्या २०१७ च्या पुट्टास्वामी निकालाने खासगीपणाच्या हक्कावर बंधन घालायचे तर कायदा, रास्त हेतू आणि प्रमाणबद्धता या कसोट्या सांगितल्या. उघड माहितीच्या अशा गोळाबेरजेला त्या लावणारा नियम मात्र राज्याने केलेला नाही. म्हणून कार्यालय पोलीस खात्याबाहेर असावे असे मी म्हणतो. ते सामान्य प्रशासन विभागाच्या अखत्यारीत, विभागीय आयुक्त कार्यालयाला जोडलेले असावे आणि त्याच्या स्थापनेच्या आदेशातच दोन गोष्टी लिहिलेल्या असाव्यात. पहिली, वाचन विषयावर होईल, व्यक्तीवर नाही. सार्वजनिक पदावर नसलेल्या कोणाही नागरिकाच्या नावाने नोंद उघडता येणार नाही. दुसरी, पोलिसांना येथून तेच टिपण मिळेल जे जिल्हाधिकाऱ्यांना मिळते. त्यांच्यासाठी वेगळे, खास टिपण नसेल. एखाद्या गुन्ह्याच्या तपासासाठी पोलिसांना समाजमाध्यमे पाहायची असतील तर ती त्यांनी आपल्या कायद्याने आणि आपल्या जबाबदारीवर पाहावीत.

जागा आणि साधने नागपुरात आहेतच. महाराष्ट्र सुदूर संवेदन उपयोजन केंद्र व्हीएनआयटीच्या आवारात आहे, इस्रोचे प्रादेशिक केंद्रही शहरात आहे, भारतीय खाण ब्यूरो आणि कापूस संशोधन संस्था येथेच आहेत. २०२१ साली चीनच्या वाळवंटात क्षेपणास्त्रांची शंभराहून अधिक नवी भुयारे अमेरिकेतल्या विद्यापीठीय अभ्यासकांनी बाजारात विकत मिळणाऱ्या उपग्रहचित्रांवरून शोधली. आपल्याला क्षेपणास्त्रे शोधायची नाहीत. पण वर्धा नदीच्या पात्रात रेतीचा उपसा कुठे सरकला, एखाद्या तलावाचे काठ कोणी बुजवले, हे त्याच पद्धतीने आणि थोड्या खर्चात दिसू शकते. अशा बारा-पंधरा वाचकांचे कार्यालय, रोजचे एक टिपण, प्रत्येक नोंदीपुढे ‘पडताळणी कोणी केली’ आणि ‘काय कार्यवाही झाली’ असे दोन रकाने, आणि गोपनीयतेचे खरे कारण नसेल तो सर्व भाग आठवड्याने संकेतस्थळावर. उघड माहितीवरून केलेले टिपण सरसकट झाकून ठेवण्याचे समर्थन कसे होऊ शकते, ते मला कळत नाही. माहिती अधिकार कायद्याच्या कलम २४ खाली गुप्तवार्ता संस्थांना मिळते ती सूट या कार्यालयाला मुळीच देऊ नये.

विधिमंडळाचे हिवाळी अधिवेशन येथे भरते. विदर्भातल्या आमदारांपैकी एखाद्याने तारांकित प्रश्न विचारून एवढी माहिती तरी सरकारकडून घ्यावी: नागपूर आणि अमरावती विभागांत वृत्तपत्रे आणि समाजमाध्यमे वाचण्यासाठी कोणकोणत्या कार्यालयांत किती माणसे नेमलेली आहेत, त्यांपैकी किती जणांना गोंडी, माडिया किंवा तेलुगू येते, त्यांची टिपणे कोणाकडे जातात, आणि गेल्या वर्षी त्यांतल्या किती टिपणांना कोणत्याही खात्याने लेखी उत्तर दिले.

आपला,
एक निवृत्त सरकारी कर्मचारी
धरमपेठ, नागपूर